स्क्रूच्या जागी स्प्रिंग लावली, तर शोध नवा ठरतो का?

प्रश्न : माझं सांगलीजवळ फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. रसवंतीच्या चरकासाठी मी पेटंटचा अर्ज केला आहे. जाड ऊस आला की स्प्रिंग दबते, वरचा रोलर आपोआप उचलला जातो आणि मशीन अडकत नाही. तपासणी अहवालात एका जुन्या पेटंटवर बोट ठेवून ‘यात नवीन काही नाही’ अशी हरकत आली आहे. त्या मशीनला तर हातानं फिरवायचा स्क्रू आहे! मग दोन्ही एकच कशी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मशीन एकच आहेत असं अहवाल म्हणतच नाही. तुमचा पहिला क्लेम पुन्हा वाचा : ‘दोन रोलर व त्यांतील अंतर कमी-जास्त करणारी यंत्रणा असलेले रसयंत्र’. स्प्रिंग कुठे आहे यात? जुना स्क्रूही अंतर कमी-जास्तच करतो. तुमच्या क्लेममधली एकूण एक गोष्ट तिथे आधीच आहे, त्यामुळे हरकत रास्त आहे. जास्त जागा अडवायच्या हौसेनं असे ऐसपैस क्लेम लिहिले जातात आणि नेमके हेच अंगाशी येतात.

क्लेम आवळा. जाड उसाच्या दाबानं स्प्रिंग दबते आणि रोलर आपोआप उचलला जातो, हे त्यात स्पष्ट लिहा. मात्र मूळ अर्जाच्या वर्णनात हे आलेलं हवं. कलम 59 मुळे नवा मजकूर आता घुसडता येत नाही. उत्तराला अहवालाच्या तारखेपासून 6 महिने मिळतात.

यानं नावीन्याचा मुद्दा सुटेल. खरी कसोटी पुढे आहे : स्प्रिंग तर कुठल्याही जाणत्या मेकॅनिकला सुचली असती, असं म्हटलं जाईल. मिर्झापूरच्या भांडी-कारखानदारांचा ‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम’ खटला यावरच गाजला. लेथवर भांडं पक्कं धरण्याच्या युक्तीचं पेटंट होतं. 1978 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती निव्वळ वर्कशॉपमधली सुधारणा ठरवली आणि पेटंट गेलं. म्हणून उत्तरात स्प्रिंगचं कौतुक नको. स्क्रूनं एकदा बसवलेलं अंतर ऊस बदलला तरी तेवढंच राहतं, मशीन थांबवून हात घालावा लागतो, ही अडचण मांडा आणि चाचणीचे आकडे जोडा.

आणखी एक. पेटंट मिळालं म्हणजे मशीन विकायला मोकळे, असं नाही. जुन्या पेटंटच्या चित्रात स्क्रू असला, तरी त्याचा क्लेम ‘अंतर बदलणारी यंत्रणा’ एवढा रुंद असेल तर तुमची स्प्रिंगही त्यात सापडू शकते. ते पेटंट भारतातलं आहे का, अर्जापासून 20 वर्षं उलटली का, नूतनीकरणाची फी भरली जाते का, हे पहिली ऑर्डर घेण्याआधी तपासून घ्या.