'पानिपतास गेले', पुढे काय?

प्रश्न : आमच्या कुलवृत्तांतात एका पूर्वजांपुढे 'पानिपतास गेले' एवढेच लिहिले आहे. ते तिथेच पडले का, हे कसे शोधावे?
– एक वाचक, मयूर विहार, दिल्ली

उत्तर : 'गेले' म्हणजे 'पडले' असे लगेच धरू नका. लढाईनंतर मथुरा-ग्वाल्हेरमार्गे परतलेलेही बरेच होते.

आधी त्यांच्या मुलांचे जन्म पाहा. धाकट्याचा जन्म 1762 नंतरचा असेल, तर पूर्वज जिवंत परतले असावेत, नाहीतर वंशावळीत एखादी पिढी गाळलेली आहे. शकाचे इसवी सन करताना जपा. सहसा 78 मिळवतात. पण लढाई झाली शके 1682च्या पौषात, म्हणजे 14 जानेवारी 1761ला, तिथे 79 लागतात. मोडी कागदांत सुहूर सन असतो. पानिपतचे वर्ष 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे 1161.

खरा पुरावा वतनात सापडतो. इनाम मुलाच्या नावे कधी झाले, 'बालपरवेशी' मिळाली का, हे पाहा. लढाईत पडलेल्यांच्या मुलाबाळांना सरकार ही नेमणूक देई. हे कागद पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात शोधावेत. मोडी येत नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, अंदाजाने वाचू नका. या दफ्तरातल्या निवडक कागदांचे, इतिहासकार सरदेसाईंनी संपादित केलेले 45 खंड आधी चाळा.

तुम्हाला हरिद्वार जवळ आहे. तिथल्या पंड्यांच्या वह्या मूळ गावावरून लावलेल्या असतात, म्हणून आडनावाआधी गाव सांगा. 1761नंतरच्या नोंदीत त्यांचे नाव हयात म्हणून आले, तर प्रश्न तिथेच सुटेल.