बँकेच्या मधोमध अंगण कसं?

प्रश्न : कोलकात्यात बिनय-बादल-दिनेश बागेजवळच्या ओल्ड करन्सी बिल्डिंगमध्ये गेलो, तर मधोमध छतच नाही, वर थेट आभाळ! पैशांच्या इमारतीला असं अंगण कोण ठेवतं? – एक वाचक, सांगली

उत्तर : कुणीच ठेवत नाही. तुम्ही पाहिलंत ते अंगण नव्हे, अर्धवट पाडकामाची खूण आहे. तिथे पूर्वी मोठं दालन होतं. डोक्यावर घुमट, त्यातून झिरपणारा उजेड, आणि खाली नोटा, सोनं, चांदी बदलून घेणाऱ्यांची गर्दी.

वास्तू मुळात आग्रा बँकेची. १८६६ च्या आर्थिक पडझडीत ती बँक अडचणीत आली आणि १८६८ पासून इथे सरकारचं चलन खातं आलं. नोटा काढण्याचा हक्क १८६१ च्या कायद्याने सरकारने स्वतःकडे घेतला होता. पण तेव्हाची नोट देशभर चालत नसे बरं का! मुंबईच्या कचेरीतून निघालेली नोट कोलकात्यात नेलीत, तर ती वटवून देण्याचं बंधन इथल्या कारकुनावर नव्हतं. पाचाची नोट ब्रह्मदेश वगळता सगळीकडे चालू लागली ती १९०३ मध्ये. शंभराच्या नोटेला १९११ उजाडावं लागलं.

आम्ही मुंबईकर जिला हक्काने आपली म्हणतो, त्या रिझर्व्ह बँकेचा पाळणाही इथेच हलला. १९३५ मध्ये तिची मध्यवर्ती कचेरी याच इमारतीत होती. १९३७ मध्ये ती मुंबईला आली.

पुढे इमारतीचं गोदाम झालं. १९९० च्या दशकात केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने तिथे उंच इमारत उभारायचं ठरवून पाडकाम सुरू केलं. ‘इन्टॅक’ ही वारसा जपणारी संस्था आणि कोलकाता महापालिका आडव्या आल्या, तोवर घुमट गेले होते.

मग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने वास्तू ताब्यात घेऊन वर्षानुवर्षं डागडुजी केली. म्हणजे पाडणारे नि जपणारे, दोन्ही सरकारीच! ११ जानेवारी २०२० रोजी ती नव्याने खुली झाली. घुमट मात्र पुन्हा बांधले नाहीत. मला हे पटतं. नवा घुमट दिसायला देखणा झाला असता, पण मग तुम्ही हा प्रश्नच विचारला नसता. पुन्हा गेलात तर आधी दर्शनी बाजूचं तीन भागांचं लोखंडी फाटक निरखा आणि मगच उघड्या विटांच्या भिंतींपाशी जा.