काशीला गेलेली लेकरे आणि घरचा हरिपाठ





एकादशीचे कीर्तन संपते, बुक्का लावून होतो, माणसे उठू लागतात. अशा वेळी एखादे म्हातारे माणूस टाळ पिशवीत घालता घालता हळूच विचारते, "आमच्या आज्यापासून वारी आमच्यापर्यंत आली. आता आमच्यामागं कोण?" उदगिरात आणि आसपासच्या खेड्यांत हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे. विचारणाऱ्याचा आवाज कोरडा असतो, पण डोळे कोरडे नसतात. लेक हैदराबादेत, नातू पुण्यात, नात लातूरला शिकवणीसाठी खोली करून राहिलेली, आणि घरी म्हातारा-म्हातारी, तुळस व खुंटीवरची वीणा. या महिन्याच्या पाठाला आम्ही हाच प्रश्न घेतला आहे.

पहिली गोष्ट आपण आपल्या मनाशी पक्की करू. शेत वारसाने मिळते, घर वारसाने मिळते, त्यासाठी तलाठ्याकडे नोंद केली की झाले. वारीची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. ती ज्या घरात आहे त्या घरातल्या माणसांनी एकमेकांच्या शेजारी बसून घालविलेल्या वेळातूनच पुढे जाते. वेळ तुटला की वारी तुटते, आणि पुष्कळदा तिच्यासोबत मायाही आटते.

आता संतांकडे वळू. आपल्या संप्रदायाचा पायाच मुळी आईबाप आणि लेकरू यांच्या गोष्टीवर उभा आहे. पांडुरंग विटेवर का उभा? पुंडलिकाने त्याला थांबायला सांगितले म्हणून. आणि पुंडलिकाने का थांबविले? तो आईबापांची सेवा करीत होता म्हणून. ही कथा लहान पोरालाही ठाऊक असते. परंतु तिचा आधीचा भाग आपण घाईघाईने सांगून टाकतो. हाच पुंडलिक आधी आईबापांना विचारीत नव्हता. तो काशीच्या वाटेला लागला होता. वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याने पाहिले की, गंगा-यमुना मळक्या वस्त्रांनी येतात, आश्रमाची झाडलोट करतात आणि उजळ होऊन जातात. ज्या काशीला आपण निघालो, ती काशी आईबापांची सेवा करणाऱ्याच्या दारी येते, हे त्याला तेथे कळले, आणि तो माघारी फिरला. म्हणजे पुंडलिक हा जन्मापासूनचा आज्ञाधारक मुलगा नव्हे. तो परत आलेला मुलगा होय. ज्याची मुले आज दूर आहेत त्या प्रत्येक आईबापाने हे ध्यानात धरावे.

ही झाली लेकाच्या परत येण्याची गोष्ट. पण सगळीच लेकरे आपण होऊन माघारी फिरत नाहीत. तेव्हा वडील माणसाने काय करावे? त्याचा पाठ आपल्याच मराठवाड्यात, पैठणास, श्रीएकनाथ महाराजांच्या घरी मिळतो.

नाथांचे घराणे पाहा. पणजोबा भानुदास महाराज, ज्यांनी विजयनगराहून पांडुरंगाची मूर्ती पंढरीस परत आणली असे संप्रदाय मानतो. त्यांचे पुत्र चक्रपाणी, त्यांचे सूर्यनारायण, आणि त्यांचे एकनाथ. नाथ लहान असतानाच त्यांचे आईबाप गेले. मधली पिढीच गळाली! घरात उरले म्हातारे आजोबा-आजी आणि तान्हे लेकरू. भानुदासांच्या घरची पंढरीची ओढ तेथेच संपायची. परंतु आजोबांनी नातवाला वाढविले, आणि त्या घरातून महाराष्ट्राला नाथ मिळाले. ज्ञानेश्वरी शुद्ध करून आपल्या हाती देणारा हा महापुरुष आजा-आजीच्या मांडीवर वाढला. आजोबा-आजींनो, आपण आता निरुपयोगी झालो असे ज्या दिवशी वाटेल, त्या दिवशी चक्रपाणींचे स्मरण करावे.

पुढे याच घरात तंटा उभा राहिला. नाथांचे चिरंजीव हरिपंडित हे मोठे विद्वान. वडील मराठीत पुराण सांगतात, कोणाच्याही घरी जेवतात, हे त्यांना रुचेना. वडिलांवर रुसून ते काशीस निघून गेले. गंमत अशी की, ज्या मराठीपायी ते रुसले, त्याच मराठीतले आपले भागवत नाथांनी शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये काशीतच पूर्ण केले होते.

आता आपल्यापैकी कोणी असता तर काय म्हणाला असता? "गेला तर जाऊ दे, येईल झक मारत!" नाथ असे म्हणाले नाहीत. कथा सांगते की, नाथ स्वतः काशीस गेले. मुलाने दोन अटी घातल्या: मराठीत पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी दोन्ही अटी मान्य केल्या आणि मुलाला घरी आणले. मराठी पुराण म्हणजे नाथांचा प्राण. तेसुद्धा त्यांनी काही काळ बाजूला ठेवले, पण मुलगा सोडला नाही.

पुढची हकीकत अशी. पैठणात एक गरीब बाई होती. सहस्र ब्राह्मणांना भोजन घालण्याचा तिचा संकल्प होता आणि जवळ तर काही नव्हते. एका नाथांना जेवू घातले तर सहस्रभोजनाचे पुण्य लागेल, असे तिला कोणी सांगितले. तिने नाथांना बोलाविले, नाथांनी हरिपंडितांना विचारले, आणि आपण स्वतः स्वयंपाक करू या बोलीवर हरिपंडित राजी झाले. नाथ जेवले. हरिपंडित उष्टी पत्रावळ उचलू लागले तो खाली दुसरी, ती उचलली तो तिसरी. अशा हजार पत्रावळी निघाल्या! हरिपंडितांचा अभिमान तेथेच गळाला, आणि पूर्ववत पुराण सांगावे म्हणून त्यांनीच वडिलांना विनविले.

या कथेत चमत्कार कोठे आहे, असे कोणी विचारले तर लोक पत्रावळींकडे बोट दाखवतील. आम्ही म्हणतो, तो त्याच्याही आधी घडला. बाप लेकाकडे चालत गेला, हाच पहिला चमत्कार. दुसरे असे की, नाथांनी वाद घालून मुलाला जिंकले नाही. हरिपंडित शास्त्रार्थात हरले नाहीत. वडिलांसाठी त्यांनी चूल पेटविली, वडिलांचे उष्टे उचलले, आणि तेथे त्यांना उमगले. दोन पिढ्यांचे मन एकत्र काम करताना जुळते, समोरासमोर बसून वाद घातल्याने क्वचितच जुळते.

आणखी एक. नाथांची कवित्वाची परंपरा पुढे ज्याने गाजविली तो मुक्तेश्वर हा नाथांच्या लेकीचा मुलगा. तेव्हा "मुलगा नाही, आता वारी बुडाली" असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. वारसा लेकीच्या हातूनही जातो.

पैठणची ही गोष्ट जुनी. आमच्या उदगिरातही असेच एक घर आम्ही जवळून पाहिले आहे. नावगाव सांगण्याचे कारण नाही. तीन पिढ्यांची आषाढी. घरातले आबा कडक. नातू पुण्यास नोकरीला. एका दिवाळीत तो घरी आला असता हरिपाठाच्या वेळी मोबाईल घेऊन बसला. आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "त्या डबड्यातच तुझा देव हाय. टाळाला हात लावू नको." पोरगा गप्प राहिला, पण पुढच्या दिवाळीला आला नाही. आजी कोणाला न कळत डोळे पुसायची. आबांचा हरिपाठ एक दिवस चुकला नाही, आणि नातवाचा फोन एक दिवस आला नाही.

मग २०२० साल उजाडले. रोगाच्या साथीमुळे सगळे बंद झाले. पोरगा घरी आला आणि वरच्या खोलीत बसून नोकरीचे काम करू लागला. त्या वर्षी पायी वारी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका दशमीला एस.टी.च्या गाडीने पंढरीस गेल्या. १ जुलैला आषाढी. ज्या माणसाने उभ्या जन्मात आषाढी चुकविली नव्हती, ते आबा तुळशीपुढे ओट्यावर नुसते बसून होते. संध्याकाळी नातू खाली आला. शेजारी बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "आबा, टाळ कसा धरायचा हो?"

आबा आम्हांला पुढे सांगत होते, "तोंडावर आलं होतं की, आता कसा आलास? पण गिळलं. म्हटलं, धर असा. दोरी बोटात घाल." त्या दिवसापासून सातच्या ठोक्याला दोघे बसू लागले. सून आणि नातही येऊन बसल्या. २०२१ सालीही पादुका गाडीनेच गेल्या. २०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली, तेव्हा नातवाने रजा काढली आणि आबांचा हात धरून वाटेचे चार मुक्काम चालला.

आता आबांचे गुडघे गेले आहेत. तुळस डोक्यावर घेऊन सून वारीला जाते. नातू पुण्यास आहे. रात्री सातला त्याचा फोन येतो, आणि आबांनी ज्याला डबडे म्हटले होते तेच डबडे तुळशीजवळ ठेवून हरिपाठ होतो. रोज होतो असे नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस त्याला कामातून सवड मिळत नाही. आबा काही बोलत नाहीत. "दोन वर्षं मी त्याला बोलून शिकवत होतो, तवा तो पळाला. त्यानं विचारलं तवा मी नुसता हात दाखवला," एवढेच ते म्हणतात. नाथांच्या काशीयात्रेचा अर्थ यापेक्षा सोपा करून आम्हांला सांगता येणार नाही.

हा भाग सीमेवरचा आहे. उदगीर तालुका पूर्वी हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. उदगीर मुंबई राज्यात आले, भालकी-औराद म्हैसूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. एका घराचे माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्यात. नकाशावर रेघ पडली, पण एकादशी दोन्हीकडे एकाच दिवशी येत राहिली, आणि पंढरीच्या वाळवंटात मावशी-भाचे भेटत राहिले. जवळच औशाच्या नाथ संस्थानात चक्रीभजन पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. सीमेने जे तुटले नाही, ते पुण्याच्या अंतराने का तुटावे? अंतराने नाते तुटत नाही. नेमाची वेळ सुटली की तुटते.

म्हणून घरोघरी आचरता येतील असे चार नेम आम्ही सुचवितो.

पहिला नेम, वेळेचा. ज्ञानोबारायांचा हरिपाठ चालीवर म्हटला तरी अर्ध्या-पाऊण तासात होतो. तेवढाही वेळ नसेल तर पाच अभंग म्हणा, पण सगळे मिळून, ठरल्या वेळी म्हणा. दूरच्या लेकराला फोनवर घ्या.

दुसरा नेम, चुलीचा. हरिपाठ चालू असताना घरातली सून भाकरी थापत असेल तर तो हरिपाठ अपुरा समजावा. नामदेवरायांच्या घरी गोणाई, राजाई, लेकरे, सुना आणि दळणकांडण करणारी जनाबाई, या सर्वांच्या नावे अभंग आहेत. नामा संसार पाहत नाही ही त्या घरातल्या बायकांची तक्रारसुद्धा अभंगांत आली आहे! त्या घरात गाऱ्हाण्यालाही जागा होती. आपल्या घरात तेवढी असावी. एक तर भाकरी आधी करा, नाही तर नंतर सगळे मिळून करा.

तिसरा नेम, हाताचा. मुलांना उपदेश कमी करावा आणि काम जास्त द्यावे. एकाने टाळ धरावा, एकाने बुक्का लावावा, एकाने तुळशीला पाणी घालावे. एकादशीची भगर आणि शेंगदाण्याची आमटी आजीने नातवाकडून करवून घ्यावी, द्वादशीला पारण्याचे ताट नातीने वाढावे. चुकले तर हसावे, रागावू नये.

चौथा नेम, वडीलधाऱ्यांचा. आधी आपण चालत जावे. अबोला असेल तर फोन आपण करावा. लेकराची अट ऐकून घ्यावी. यात मोठेपणा जात नाही. नाथांचा गेला का?

तरुणांनाही एक सांगणे आहे. पुणे असो, हैदराबाद असो की परदेश, तुमच्या काशीला तुम्ही जरूर जा. पोटासाठी जावेच लागते. परंतु आजोबांना एक प्रश्न विचारून जा: टाळ कसा धरायचा, पहिली वारी कोणी केली, वाटेत मुक्काम कोठे पडायचा. विचारणारे कोणी उरले नाही की म्हातारे माणूस बोलायचे थांबते, आणि ते एकदा थांबले की मग सांगणारे कोणी राहत नाही.

या महिन्याचा अभ्यास एवढाच. येत्या एकादशीपर्यंत घरातल्या सर्वांत वडील माणसाला घरची वारी कोणी सुरू केली ते विचारावे, आणि उत्तर घरातल्या सर्वांत लहान लेकराच्या हाताने वहीत लिहून घ्यावे. ज्यांच्या घरी अबोला आहे त्यांनी वही राहू द्यावी. त्यांनी आधी काशीची वाट धरावी.

रामकृष्णहरि!