इंजिन बदलल्यानंतर गाडी अचानक बंद पडते तेव्हा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांना इंजिन हा विषय नवा नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात १९२२ पासून कूपर यांचा कारखाना आहे. अशा कारखान्यांच्या सावलीत या भागात लेथवाले, फिटर आणि मिस्त्री तयार झाले. ऐंशी-नव्वदच्या दशकात पेट्रोल परवडेनासे झाले तेव्हा याच कारागिरांनी पेट्रोलच्या जीप आणि ॲम्बॅसिडर उघडून त्यांत डिझेल इंजिने चढवली आणि त्या जीपगाड्या वर्षानुवर्षे वडापवर धावल्या.

आता तसे बदल कमी झाले आहेत. आज गॅरेजमध्ये येणारे काम बहुधा वेगळे असते. गाडीचे इंजिन संपलेले असते, बोअर करून रिंग-पिस्टन टाकण्याचा खर्च मोठा दिसतो, म्हणून मालक त्याच मॉडेलचे जुन्या बाजारातले इंजिन आणतो आणि मिस्त्री ते बसवून देतो. गाडी चालू होते, मजुरी मिळते. पुढे आठ-पंधरा दिवसांत गाडी रस्त्यात अचानक बंद पडू लागते आणि मालक व मिस्त्री यांच्यात वादाला तोंड फुटते. मिस्त्री म्हणतो, “इंजिनच खराब आणलंत.” मालक म्हणतो, “तुम्ही नीट बसवलं नाही.” अशा वेळी तपासणी कोणत्या क्रमाने करावी, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

एका व्यापाऱ्याची व्हॅन

आमच्याकडे आलेले एक उदाहरण प्रथम सांगतो. दोन्ही जिल्ह्यांतील आठवडी बाजारांत तयार कपडे विकणारे एक गृहस्थ आपली पेट्रोल व्हॅन घेऊन आले. मुक्काम सांगलीला, बाजार साताऱ्यापर्यंत. एका गॅरेजमध्ये त्यांनी जुने इंजिन बदलून घेतले होते. त्यानंतर गाडी तीन वेळा वाटेत बंद पडली. वीस-पंचवीस मिनिटे थांबले की पुन्हा चालू होई. एका ठिकाणी त्यांना सांगण्यात आले की इंजिन गरम होऊन धरते आहे, दुसरे इंजिन टाका. पहिल्या इंजिनाची उधारी अजून फिटली नव्हती. बाजार बुडाला की त्या आठवड्याची कमाई गेली, आणि आता पुन्हा कर्ज काढायचे की गाडी भंगारात द्यायची, असा प्रश्न घरात उभा होता.

आम्ही पाना हातात घेण्यापूर्वी एकच गोष्ट विचारली, “चाचा, गाडी नेमकी कधी बंद पडली, आठवून सांगा.”

ते म्हणाले, “एकदा कराडच्या गर्दीत, एकदा पेठ नाक्यावर, एकदा आष्ट्यात. तिन्ही वेळा परतताना, दिवेलागणीनंतर. सकाळी जाताना कधी बंद पडली नाही.”

या उत्तरात निम्मे निदान होते. इंजिन गरम होऊन धरत असते तर भर दुपारी, भरलेल्या मालासह, चढावर धरले असते. ही गाडी बंद पडत होती ती संध्याकाळी, गर्दीत, वेग कमी असताना. गर्दीत रेडिएटरला वारा मिळत नाही, म्हणून विजेचा पंखा चालू होतो. संध्याकाळी हेडलाइट लागलेले असतात. म्हणजे विजेचा भार वाढला की गाडी बंद होत होती. आमचा पहिला संशय त्यामुळे वायरिंगवर गेला.

बंद पडण्याच्या तीन तऱ्हा

गाडी कशी बंद पडली, हे चालकाला नीट विचारावे. साधारणपणे तीन तऱ्हा आढळतात.

पहिली तऱ्हा : चावी फिरवल्यासारखी गाडी एकदम गप्प होते. झटका नाही, आवाज नाही. येथे बहुधा वीज तुटलेली असते. इग्निशनचा पुरवठा, मुख्य रिले, क्रँक किंवा कॅम सेन्सरचा सैल प्लग, अथवा अर्थ तपासावा.

दुसरी तऱ्हा : गाडी झटके खाते, ओढ कमी होते आणि मग बंद पडते. येथे बहुधा इंधन कमी पडत असते. पंप, फिल्टर, पाइप आणि टाकीची हवा येण्याची वाट पाहावी.

तिसरी तऱ्हा : आवाज येतो, ओढ जाते, तेलाचा दिवा लागतो किंवा काटा लाल खुणेवर जातो. येथे दोष इंजिनाच्या आत असण्याची शक्यता खरी. अशा गाडीला पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये. आधी तेलाची पातळी आणि पाणी पाहावे. इंजिन हाताने फिरते का, ते पाहावे. गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि सुसाट फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटल्याचा संशय घ्यावा. काही इंजिनांत बेल्ट तुटल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि उगीच मारलेला सेल्फ नुकसान वाढवतो.

आमच्या व्यापाऱ्याची व्हॅन दुसऱ्या तऱ्हेने बंद पडत होती. आधी दोन-तीन झटके, मग शांत.

मीटरने काय सांगितले

गाडी गॅरेजमध्ये उभी करून चालू केली. अर्धा तास काही झाले नाही. येथेच अनेकांची फसगत होते. गॅरेजमध्ये गाडी ठीक चालते, म्हणून “काही नाही” असे सांगून ती परत दिली जाते. दोष ज्या परिस्थितीत येतो ती परिस्थिती आधी उभी करावी लागते. आम्ही हेडलाइट लावले आणि रेडिएटरचा पंखा आपोआप चालू होईपर्यंत थांबलो. पंखा लागताच इंजिनाची चाल डळमळली.

त्याच वेळी मल्टिमीटर लावला. बॅटरीच्या दोन टोकांवर १३.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर ठीक. टाकीतल्या पेट्रोल पंपाच्या प्लगवर मात्र फक्त ८.२ व्होल्ट. मधले ५.४ व्होल्ट कोठे गेले? मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी पंपाच्या पॉझिटिव्हला लावली. तूट ०.४ व्होल्ट. मग एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी पंपाच्या अर्थला लावली. तूट पूर्ण ५ व्होल्ट. दोष पुरवठ्यात नसून परतीच्या वाटेत होता. एवढ्यात आमच्या शागिर्दाचा हात ॲक्सिलरेटरच्या केबलला लागला. ती गरम लागली. परतीचा करंट मिळेल त्या वाटेने, म्हणजे केबलमधून, जात होता!

बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड वायर इंजिनाला आणि दुसरी बॉडीला जाते. इंजिन उतरवताना ही दुसरी वायर तुटली असावी. तिला बारीक वायरचा जोड देऊन ती रंगावरच बोल्टने आवळली होती. रंगातून वीज नीट जात नाही. भार कमी असताना काम भागत होते. पंखा आणि दिवे एकदम लागले की बॉडीचा अर्थ कोलमडत होता, पंपाचा दाब पडत होता आणि इंजिनाला पेट्रोल मिळेनासे होत होते. गाडी थांबली, पंखा-दिवे बंद झाले, जोड निवला, की पुन्हा सारे ठीक.

आम्ही रंग खरवडून लोखंड उघडे केले, दाबून बसवलेल्या थिंबलची जाड वायर टाकली, बोल्ट आवळून वर व्हॅसलिन लावले आणि इंजिनापासून बॉडीला आणखी एक अर्थ दिला. पुन्हा दिवे आणि पंखा लावून मोजले. तूट ०.१ व्होल्ट. त्याच संध्याकाळी कराडपर्यंत जाऊन आलो. गाडी थांबली नाही. बाजारातून आणलेले ते इंजिन निर्दोष होते, आणि दुसरे इंजिन टाकले असते तरी गाडी त्याच नाक्यावर बंद पडली असती.

इतर ठिकाणचे सांधे

यातून आम्ही एक नियम घेतला आहे. इंजिन बदलल्यानंतर दोष आला तर प्रथम जेथे आपला हात लागला ते सांधे तपासावेत, नंतर इंजिन. हे सांधे पुढीलप्रमाणे पाहावेत.

इंधन : कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शनचे इंजिन बसवले असेल तर जुना रबरी पाइप चालत नाही. कार्बोरेटरला एक बारच्याही आत दाब पुरतो, इंजेक्शनला साधारण अडीच ते तीन बार लागतो. साधा पाइप फुटून गाडीला आग लागू शकते. शिवाय २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल जुन्या टाकीतला मळ सोडवते, जुने रबर फुगवते आणि पाणी ओढून घेते. नवे इंजिन आणि जुनी टाकी अशी जोडी असेल तर टाकी धुऊन फिल्टर बदलल्याशिवाय गाडी बाहेर सोडू नये.

डिझेल : येथे हवा हा मोठा शत्रू. टाकी ते पंप या पाइपाला बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. बाहेरून सारे कोरडे दिसते आणि गाडी मात्र चढाला बंद पडते. थोडा वेळ पारदर्शक पाइप जोडला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. रोटरी पंपावर विजेचा स्टॉप सोलेनॉइड असेल तर त्याची वायरही हलवून पाहावी. तिचा पुरवठा तुटला की गाडी चावी काढल्यासारखी बंद होते.

तापमान व तेल : जुन्या गाडीचा काटा आणि नव्या इंजिनाचा सेन्सर यांचा मेळ नसेल तर काटा खोटे सांगतो. काटा मधोमध आणि इंजिन उकळलेले, असेही घडते. पाणी भरताना हवा राहिली तरी हेच होते. तेलाचा दाब एकदा वेगळा गेज लावून मोजून घ्यावा.

चावी : इमोबिलायझर असलेल्या गाडीत इंजिनाबरोबर दुसऱ्या गाडीचा कॉम्प्युटर आणला तर चावीची ओळख पटत नाही. तेथे पाना चालवून उपयोग नाही.

कागद

मिस्त्री बंधूंनी कागदाकडेही दुर्लक्ष करू नये. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच अर्थाचा निकाल दिला. त्याच बनावटीचे इंजिन टाकले तरी नवा क्रमांक आरसी बुकात चढवून घ्यावा लागतो. सांगली, सातारा किंवा कराडच्या आरटीओ कार्यालयात आधी चौकशी करावी. क्रमांक जुळला नाही तर अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो. इंजिन घेताना विक्रेत्याकडून क्रमांकासह पक्के बिल घ्यावे. बिल नसलेले इंजिन चोरीचे निघाले तर पोलीस गॅरेजच्या दारातही येतात.

तपासणीची मजुरी

शेवटी धंद्याची गोष्ट. त्या व्हॅनच्या कामात सामान लागले ते एक वायर, दोन थिंबल आणि एक बोल्ट. वेळ गेला तो दीड तास, तोही बहुतेक मोजण्यात. आमच्याकडे मजुरी सुटे भाग बदलल्याची घेतली जाते, दोष शोधल्याची नाही. त्यामुळे मिस्त्री शोधण्यापेक्षा बदलण्याकडे वळतो आणि भुर्दंड गिऱ्हाइकाला पडतो. आमचे सांगणे असे की तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी आणि आधी सांगावी. मीटरवर काय आले, दोष कोठे सापडला, दुरुस्तीनंतर काय आले, हे एका चिठ्ठीवर लिहून द्यावे. चिठ्ठी देणाऱ्याला अंदाजाने बोलता येत नाही, आणि गिऱ्हाइकालाही पैसे कशाचे गेले ते कळते.

ते गृहस्थ तपासणीची मजुरी देताना कुरकुरले नाहीत. पुढच्याच आठवड्यात त्यांनी बाजारातल्या आणखी एका दुकानदाराची गाडी आमच्याकडे पाठवली. सोबत आमची ती चिठ्ठी होती.