धंद्यातील इंग्रजी : ‘कंट्रोल’ कोणाच्या हाती?

‘कंट्रोल’ हा शब्द आपल्याकडे कोणाला शिकवावा लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्यावर निर्बंध आले आणि ‘कंट्रोलचे दुकान’, ‘कंट्रोलची साखर’ हे शब्द खेड्यापाड्यातील आजीबाईंच्याही तोंडी बसले. अडचण शब्दाची नाही, त्याच्या मागेपुढे येणाऱ्या लहानसहान शब्दांची आहे. आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांचे नुकसान होते ते नेमके तिथे.

समजा, मालेगावच्या एका यंत्रमाग कारखानदाराला मुंबईच्या निर्यातदाराने विचारले की माल का लांबला? वीज नव्हती, तीन दिवस माग बंद होते. कारखानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर धाडले, ‘सिच्युएशन इज आउट ऑफ कंट्रोल.’ त्याला म्हणायचे होते की वीज माझ्या हातात नाही. वाचणाऱ्याला कळले ते असे की कारखान्यात गोंधळ माजला आहे आणि मालकाचा कशावर ताबा उरलेला नाही. असा निरोप वाचून पुढची ऑर्डर कोण देईल? राहून गेला तो एकच शब्द, ‘अवर’. ‘पॉवर सप्लाय इज आउट ऑफ अवर कंट्रोल’ म्हटले की अर्थ सरळ होतो. पत्रात ‘बियाँड अवर कंट्रोल’ हे अधिक शोभते.

हा फरक मराठी माणसाला नवा नाही. ‘हाताबाहेर गेले’ आणि ‘माझ्या हातात नाही’ यांत आपण कधी गल्लत करीत नाही. इंग्रजीतही हुबेहूब तसेच आहे. ‘आउट ऑफ हँड’ म्हणजे हाताबाहेर गेले, बेबंद झाले. ‘आउट ऑफ अवर हँड्स’ म्हणजे आता आमच्या हातात राहिले नाही. माल ट्रान्सपोर्टवाल्याकडे सोपवून पावती घेतल्यावर हे दुसरे वाक्य वापरावे, पहिले चुकूनही नको. ‘इन हँड’ म्हणजे काम हाती घेतले आहे, ‘कॅश इन हँड’ म्हणजे हातातली रोकड आणि ‘स्टॉक ऑन हँड’ म्हणजे शिल्लक माल.

वरील कारखानदाराने लिहावयाचे वाक्य आम्ही असे सुचवू : ‘द पॉवर कट वॉज बियाँड अवर कंट्रोल, बट द वर्क इज अंडर कंट्रोल.’ पहिल्या अर्ध्यात कारण आले, दुसऱ्यात भरवसा आला. ‘अंडर कंट्रोल’ म्हणजे काम काबूत आहे, घड्या व्यवस्थित बसताहेत.

मात्र ‘बियाँड अवर कंट्रोल’ म्हटले की सुटलो, असे कोणी समजू नये. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ५६ नुसार, करार झाल्यानंतर काम करणेच अशक्य झाले आणि ते टाळणे करार करणाऱ्याच्या हातात नव्हते, तर तो करार रद्दबातल ठरतो. पण काम महाग पडणे म्हणजे अशक्य होणे नव्हे. सुताचा भाव चढला, मजुरी वाढली, हे खरोखरच आपल्या अखत्यारीत नसते. तरी तेवढ्यावर ठरलेल्या दराने माल देण्याची जबाबदारी टळत नाही. भाववाढीची सोय करारातच करून घ्यावी लागते.

आता ‘चार्ज’. इथे ‘द’ हा एक इवलासा शब्द मालकाला नोकर करून टाकतो. ‘ही इज इन चार्ज ऑफ द वर्कशॉप’ म्हणजे कारखाना त्याच्या हुकमतीत आहे. ‘द वर्कशॉप इज इन द चार्ज ऑफ हिज ब्रदर’ म्हणजे कारखाना भावाच्या ताब्यात आहे. ‘द’ नसेल तर वाक्याच्या सुरुवातीचा माणूस कारभारी. ‘द’ आला की कारभारी शेवटी. ‘इन कंट्रोल ऑफ’ आणि ‘इन द कंट्रोल ऑफ’, ‘इन पझेशन ऑफ’ आणि ‘इन द पझेशन ऑफ’ यांनाही हाच नियम लागू. शाळेत हा नियम कोणी नीट सांगत नाही, आणि भाडेकराराच्या कागदावर त्याची गाठ पडते.

जरीकाम, शिवणकाम, पॉलिश असे जॉब वर्क घेणाऱ्या उस्तादांनी तर ‘द गुड्स आर इन अवर पझेशन’ हे वाक्य पाठच करावे. कापड शेठचे, पण सध्या ताबा आमच्याकडे, एवढाच त्याचा अर्थ. या ताब्याला कायद्यात वजन आहे. त्याच करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, दुसऱ्याच्या मालावर ठरल्याप्रमाणे कष्ट किंवा कसब खर्ची घालणाऱ्या कारागिराला, मजुरी मिळेपर्यंत तो माल रोखून ठेवता येतो. विरुद्ध करार मात्र नसावा. कायद्यातील उदाहरणच शिंप्याचे आहे : कोट तयार होताच देईन आणि पैशांना तीन महिन्यांची मुदत देईन, असे कबूल केलेल्या शिंप्याला कोट अडवता येत नाही. म्हणजे भिडेखातर ‘पे लेटर, नो प्रॉब्लेम’ म्हणताना आपण काय सोडून देतो आहोत हे ओळखून म्हणावे.

भिडेवरून आठवले. परदेशी गिऱ्हाईक दर विचारते आणि आमचा दुकानदार नम्रतेने म्हणतो, ‘अप टू यू.’ आपल्या मनात असते, ‘तुम्ही द्याल ते, आपलेच दुकान आहे.’ इंग्रजीत या शब्दांचा सरळ अर्थ आहे : ठरवणारे तुम्ही. लगाम दुसऱ्याच्या हाती दिल्यावर घोडा आपल्या दिशेने कसा येणार? म्हणावे असे : ‘द रेट इज टू हंड्रेड; द क्वांटिटी इज अप टू यू.’ दर आपला, नग किती घ्यायचे ते तुम्ही ठरवा. नम्रताही राहिली आणि भावही. उलट, दर कमी करण्याचा अधिकार आपल्याकडे नसेल, आपण केवळ दलाल असू, तर ‘इट इज नॉट अप टू मी’ म्हणावे. ‘माय हँड्स आर टाइड’ हेही चालते, पण ते रोज वापरले तर गिऱ्हाईक हसते.

एक घोटाळा युरोपच्या खरेदीदारांशी होतो. फ्रेंच आणि जर्मन भाषांत या शब्दाचे जे भाऊबंद आहेत त्यांचा रोजचा अर्थ ‘तपासणी’ असा आहे. म्हणून तिकडचा माणूस इंग्रजीत लिहितो, ‘वी विल कंट्रोल द गुड्स ऑन अरायव्हल.’ तो आपला माल बळकावणार नाही. पोहोचल्यावर तपासून घेणार, एवढेच त्याचे म्हणणे. खरे तर जुना अर्थ त्याचाच. मूळ फ्रेंच शब्द हिशेबाच्या दुसऱ्या प्रतीचा होता : एका कारकुनाची नोंद दुसऱ्या गुंडाळीवरील नोंदीशी ताडून पाहायची, म्हणजे आपली रोजमेळ आणि खातेवहीची गाठ घालण्याचीच रीत. ‘क्वालिटी कंट्रोल’मध्ये हा तपासणीचा अर्थ अजून जिवंत आहे.

‘कंट्रोल युवरसेल्फ’ हे मात्र गिऱ्हाईक कितीही तापले तरी तोंडातून काढू नये; ते दटावणीचे बोलणे आहे. ‘प्लीज गिव्ह मी अ मिनिट’ म्हणावे आणि माल पुढे ठेवावा.

शेवटी लिहिण्याबद्दल. या शब्दाच्या अखेरीस ‘एल’ एकदाच येतो. पण ‘कंट्रोल्ड’ आणि ‘कंट्रोलिंग’ लिहिताना तो दोनदा लिहावा. उच्चारात जोर ‘ट्रोल’वर द्यावा, ‘कं’वर नव्हे.