जागरण आणि बरंवाईट

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातली झोपच उडते. तोडीवाला पहाटे फडात, ट्रॅक्टरवाला रात्रभर काट्यापुढच्या रांगेत, मिलवरचा कामगार रात्रपाळीत आणि पाळीने रात्रीची लाईट आली की सभासद स्वतः बॅटरी घेऊन दारं धरायला! जागरणाने अपघात होतो हे कुणाला सांगायला नको. पण जागरणाने बरंवाईट ओळखण्याची नजरही मंदावते, हे फारसे कुणी बोलत नाही. म्हणून आम्ही तोच विषय घेतला आहे.

१९९७ साली ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड यांनी दाखवून दिले की, सलग १७ तास जागा माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकाच अडखळतो. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे! पहाटे चारला उठलेल्या ड्रायव्हरचे १७ तास रात्री नऊलाच भरतात.

पुढे २००७ साली अमेरिकेत किलगोर यांनी सैनिकांना ५३ तास जागवून पेचाचे प्रश्न घातले. दुसऱ्याच्या जिवाशी थेट संबंध असलेल्या प्रश्नांवर निर्णयाला त्यांना जास्त वेळ लागू लागला. २०१५ साली बार्न्स व सहकाऱ्यांनी त्याच्याही आधीची पायरी तपासली. इथे नीतीचा काही प्रश्न आहे, हे मुळात ध्यानात तरी येते का? कमी झोपलेल्यांच्या ते कमी ध्यानात येते, असे दिसले.

आम्हाला हे फार महत्त्वाचे वाटते. ट्रॉलीमागचा रिफ्लेक्टर पडलाय. झोप झालेला गडी थांबून तो बांधतो. दोन रात्री जागलेला तोच गडी म्हणतो, "राहू द्या, उद्या बघू." तो लबाड झालेला नसतो. मागून येणारा मोटारसायकलवाला त्याच्या डोळ्यांपुढे उभाच राहत नाही. फडात मुकादम बाईवर खेकसतो तेव्हाही तसेच. कोपीतला स्वयंपाक उरकून ती कोयता धरते, म्हणजे तिची झोप सगळ्यात कमी, हे त्याला सुचतच नाही.

मिल रात्री बंद ठेवता येत नाही, हे कबूल. पण उचलीचे हिशेब आणि बांधाची भांडणे रात्री मिटवायला बसू नये. रांगेत नंबर लांब असेल तर ड्रायव्हरने टेप बंद करून अर्धा तास पडावे. शेतीला दिवसा वीज देणारी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली निघाली; तिचा एक पहिला प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला झाला. आपल्या फिडरवर ती येईपर्यंत रात्री दाऱ्याला दोघांनी जावे आणि आळीपाळीने डोळा लावावा.