म्हातारपणाचा निवारा : आधी हिशेब, मग सही



लागणीआधी आपण बेणे, पाणी, खत यांचा हिशेब घालतो. पण हातपाय थकल्यावर राहायचे कुठे आणि त्याला खर्च किती, हा हिशेब फारसा कोणी घालत नाही. पोरांच्या नावे सातबारा केला की झाले, असे धरून चालतो. म्हणून या खेपेस उसाऐवजी हा विषय घेतला आहे.

१) आपलेच घर : हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग. कवठे येमाई परिसरात पुष्कळ घरे मळ्यात, वस्तीवर आहेत आणि बिबट्याचा वावर आहे. म्हाताऱ्या माणसाला रात्री संडासासाठी बाहेर जावे लागता कामा नये. तळमजल्यावर खोली, तिला लागूनच कमोडचा संडास, भिंतीला धरायला दांडी, खरखरीत फरशी आणि दारात पायरीऐवजी उतार करावा. जोते एक फूट उंच असेल तर उतार बारा फूट लांब हवा.

२) वृद्धाश्रम : काही धर्मादाय असतात, काही पैसे घेणारे. अनामत किती व ती परत मिळते का, दुखणे-खुपणे कोण बघणार, माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवून घेतात का, हे आधी लेखी घ्यावे.

३) ज्येष्ठांची वसाहत : पुण्यात पाषाणला परांजपे यांची 'अथश्री' ही अशी वसाहत आहे. अशा ठिकाणी घराची किंमत किंवा अनामत, दरमहाचा देखभाल खर्च आणि जेवण-शुश्रूषा असे तीन खर्च वेगवेगळे धरावेत. घर घेताना महारेराची नोंदणी तपासावी. महारेराने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांना नियम घालून दिले आहेत. त्यात लिफ्ट, रुंद दरवाजे, न्हाणीघरात धरायला दांड्या यांचा समावेश आहे.

आता हिशेब. समजा, एका माणसाचा दरमहा खर्च २०,००० रुपये. वर्षाचे झाले २,४०,०००. एकरी ४० टन ऊस व टनाला ३,००० रुपये धरले तर १,२०,००० येतात. निम्मा खर्च वजा जाता उरतात ६०,०००. म्हणजे एका माणसाला चार एकरांचे उत्पन्न लागेल! शिवाय आडसाली उसाचे पैसे दीड वर्षाने येतात, तिकडचे बिल मात्र दर महिन्याला. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर हाच खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो.

४) कागद : पालक व ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. वय ६० पूर्ण झालेल्यांना मुलांकडून निर्वाहासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, परत मिळू शकते. मात्र अशी अट असल्याचे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने वृद्धांच्या बाजूने उदार अर्थ लावला. तरी तोंडी शब्दावर विसंबू नये.

पोरगा चांगला आहे, सून चांगली आहे, तरी लिहून ठेवण्यात कमीपणा नाही. उद्या वाटे पडले तर त्यांनाही तो कागद उपयोगी पडेल. बक्षीसपत्र करायचेच असेल तर राहायची खोली, अन्न, औषधपाणी हयातभर देण्याची अट त्यात स्पष्ट घाला. आणि थोडी जमीन व उसाच्या बिलाचे खाते शेवटपर्यंत स्वतःच्या नावे ठेवा.

— ऊस विकास अधिकारी